प्रवेशाचे पाऊल : दशावतार, यक्षगान आणि भागवतमेळा यांच्या समान मुळांचा पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी रंगभूमीच्या इतिहासाचा आरंभ सामान्यतः १८४३ या वर्षापासून केला जातो. सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी त्या वर्षी ५ नोव्हेंबर रोजी ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले. त्यापूर्वी सांगलीस आलेल्या कानडी भागवत मंडळींचे खेळ पाहून तसे काही मराठीत करावे, अशी इच्छा आप्पासाहेबांनी व्यक्त केली होती, हेही सर्वश्रुत आहे. मराठी रंगभूमीच्या जन्मकथेतच शेजारच्या भाषेतील नृत्यनाट्याचा असा उल्लेख असूनही, त्या शेजाराचा विचार मराठी समीक्षेने फारच मर्यादित अर्थाने केला आहे. ‘कोणी कोणाकडून घेतले’ या एकाच प्रश्नाभोवती बहुतेक चर्चा फिरत राहिली. कोकणातील दशावतार कर्नाटकातील यक्षगानापासून निर्माण झाला की स्वतंत्रपणे, भावे यांनी यक्षगानाचे अनुकरण केले की दशावताराचे, असे वाद त्यातून उद्भवले. या वादांत दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली गेली. कलाप्रकाराला एक जन्मस्थान, एक जन्मवर्ष व शक्य तर एक जनकही असतो, ही ती गोष्ट होय.

प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा केली आहे. दशावतार, किनारी कर्नाटकातील यक्षगान आणि तंजावर परिसरातील भागवतमेळा या तीन शेजारी परंपरांची मुळे समान आहेत, हे येथे मान्य केले आहे. मात्र हे समान मूळ आख्यानात, ग्रंथात किंवा एखाद्या व्यक्तीच्या प्रवासात नसून प्रयोगाच्या क्रमात, विशेषतः पूर्वरंगात आणि पात्राच्या नृत्यमय प्रवेशात आहे, असे प्रतिपादन केले आहे. या प्रतिपादनाला केवळ ऐतिहासिक महत्त्व आहे असे नाही. प्रयोगाचा जो भाग या नात्याचा सर्वांत बळकट पुरावा आहे, तोच आज तिन्ही ठिकाणी सर्वांत आधी आखडता घेतला जात आहे.

उगमाच्या तीन उपपत्ती

दशावताराच्या उगमासंबंधी प्रचलित असलेल्या उपपत्ती स्थूलमानाने तीन आहेत.

पहिली उपपत्ती व्यक्ती आणि वर्ष सांगणारी आहे. राजापूर तालुक्यातील आडिवरे येथील श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास हा खेळ कर्नाटकातून कोकणात आणला, अशी परंपरागत माहिती अनेक ग्रंथांतून पुन्हा पुन्हा दिली जाते. या माहितीत तथ्यांश असू शकतो. एखाद्या कर्त्या पुरुषाने मंडळी उभी केली, खेळाला नवे वळण दिले, हे संभवनीय आहे. परंतु त्यावरून त्या प्रकाराचा जन्म तेव्हा झाला, असा निष्कर्ष काढता येत नाही. समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ सतराव्या शतकातील आहे. त्यात दशावतारी खेळाचा आणि त्यातील स्त्रीवेष घेतलेल्या पुरुषांचा स्पष्ट उल्लेख येतो. हे उदाहरण समर्थांनी दिसते एक आणि असते दुसरे, हे पटविण्यासाठी योजले आहे. दृष्टांताचे सामर्थ्य श्रोत्याच्या परिचयावर अवलंबून असते. म्हणजेच श्यामजी नाईक यांच्या किमान अर्धे शतक आधी दशावतारी खेळ आणि त्यातील नाचणारे स्त्रीपात्र मराठी श्रोत्यांच्या नित्य परिचयाचे होते.

दुसरी उपपत्ती स्थल सांगणारी आहे. तिच्या मते दक्षिणेकडून उत्तरेकडे, कर्नाटकातून कोकणात, असा एकाच दिशेचा प्रवास झाला. येथे नामसाम्याचा विचार उपयोगी ठरतो. किनारी कर्नाटकात यक्षगानाला ‘बयलाट’ म्हणजे उघड्या मैदानातील खेळ असे नाव आहे, तसेच ‘दशावतार आट’ हेही जुने नाव आहे. कटील आणि मंदार्ती या प्रसिद्ध देवस्थानांच्या मेळांच्या अधिकृत नावांत आजही ‘दशावतार यक्षगान मंडळी’ असे शब्द आहेत. ‘दशावतार’ ही संज्ञा कोकणची आणि ‘यक्षगान’ ही कर्नाटकची, अशी वाटणी त्यामुळे टिकत नाही. शिवाय सिंधुदुर्ग, गोवे, कारवार, होन्नावर, उडुपी ही किनारपट्टी माणसांच्या ये-जा करण्याने सतत जोडलेली राहिली आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धार्मिक छळामुळे गोव्यातील अनेक कुटुंबे आपल्या देवतांसह दक्षिणेकडे कानडी मुलखात स्थायिक झाली. अशा मार्गावर कलेचा प्रवास एकाच दिशेने झाला असे समजण्यास आधार नाही.

तिसरी उपपत्ती शास्त्राचा आधार घेणारी आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पाचव्या अध्यायात पूर्वरंगाचा विधी सांगितला आहे, दशावतारात पूर्वरंग आहे, म्हणून दशावतार हा नाट्यशास्त्राचा वारसा होय, असे हे अनुमान आहे. यात काही सत्य निश्चित आहे. पूर्वरंगातील ‘त्रिगत’ या अंगात सूत्रधार, पारिपार्श्विक आणि विदूषक यांचा संवाद असतो, आणि लोकरंगभूमीवरील सूत्रधार व सोंगाड्या यांची थट्टामस्करी त्याची आठवण करून देते. परंतु नाट्यशास्त्रातील पूर्वरंगात इंद्राच्या ध्वजाचे प्रतीक असलेल्या जर्जराला विशेष स्थान आहे. सोंग घेऊन नाचत येणारा गणपती तेथे नाही, वेद चोरणारा विनोदी असुरही नाही. याउलट आपल्या तिन्ही परंपरांत जर्जर नाही आणि आरंभी गणपती मात्र आहे. समान असलेली ही गोष्ट शास्त्रग्रंथातून आलेली नाही, ती मध्ययुगीन देशी परंपरेत घडलेली आहे.

देशी परंपरेचा सामायिक पट

‘मार्गी’ आणि ‘देशी’ हा भेद भारतीय संगीत-नृत्यशास्त्रात जुना आहे. बाराव्या-तेराव्या शतकांत दख्खनच्या तीन राजसत्तांच्या आश्रयाने जे ग्रंथ लिहिले गेले, त्यांत देशी नृत्याला मिळालेले स्थान प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त नृत्यविनोदाला स्वतंत्र स्थान आहे. देवगिरीच्या यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’च्या सातव्या अध्यायात ‘पेरणी’ आणि ‘गौंडली’ या देशी नृत्यप्रकारांचे वर्णन केले. त्यानंतर काही दशकांतच काकतीय राजसभेतील जायसेनापतीने ‘नृत्तरत्नावली’त याच प्रकारांची दखल घेतली. कल्याणी, देवगिरी आणि ओरुगल्लू ही तीन केंद्रे आज अनुक्रमे कन्नड, मराठी आणि तेलुगू भाषिक प्रदेशांत मोडतात. सव्वाशे वर्षांच्या अवधीत या तीन केंद्रांतील ग्रंथकारांनी देशी नृत्याकडे शास्त्रकाराच्या नजरेने पाहिले, आणि त्यांपैकी दोघांनी तर तेच प्रकार त्याच नावांनी नोंदविले.

गोव्यातील पेरणी समाजाचा ‘पेरणी जागोर’ हा लाकडी मुखवट्यांचा नृत्यप्रकार आणि ग्रंथांतील ‘पेरणी’ यांच्या नावांतील साम्य लक्षणीय आहे. केवळ नावावरून दोन्ही एकच ठरविणे घाईचे होईल. मात्र भाषांच्या आजच्या सीमा ज्या काळात नृत्याच्या सीमा नव्हत्या, त्या काळाचा पुरावा म्हणून हे ग्रंथ निःसंशय ग्राह्य धरावे लागतात. पुढील काळातील दशावतार, यक्षगान आणि भागवतमेळा यांची भूमी ही आहे. या भूमीवर वैष्णव भक्तीचे सिंचन झाले आणि पुराणे सांगणारा ‘भागवत’ रंगस्थळावर आला. यक्षगानातील मुख्य गायकाला आजही ‘भागवत’ म्हणतात, तंजावरकडील परंपरेचे नावच ‘भागवतमेळा’ आहे, आंध्रातील कुचिपुडीच्या नटांना ‘भागवतुलु’ म्हणत आणि सांगलीस आलेली मंडळीही ‘भागवत’च होती.

क्रमातील साम्य

तिन्ही परंपरांची तुलना कथानकावरून केल्यास फारसे हाती लागत नाही. रामायण, महाभारत आणि भागवत यांची आख्याने भारतातील बहुतेक सर्व पारंपरिक रंगभूमींवर आहेत. तुलनेची खरी कसोटी प्रयोगाच्या क्रमात आहे.

प्रथम काळ आणि अधिष्ठान पाहू. दशावताराचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि पावसाळ्यापूर्वी संपतो. यक्षगानाचे मेळही दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि मे महिन्याच्या अखेरीस परततात. भातशेती आणि मोसमी पाऊस यांनी हे वेळापत्रक आखून दिले आहे. दशावताराचा खेळ ग्रामदेवतेच्या जत्रेत, पालखीच्या प्रदक्षिणेनंतर मध्यरात्रीच्या सुमारास उभा राहतो आणि पहाटे दहीहंडी फोडून, काला वाटून संपतो. म्हणून त्याला ‘दहीकाला’ हेही नाव आहे. यक्षगानातही भाविक नवस म्हणून खेळ बोलतात, त्याला ‘हरके आट’ म्हणतात. दशावतारी मंडळी आपला पेटारा पूज्य मानतात, तर यक्षगानाच्या ‘चौकी’त, म्हणजे रंगभूषेच्या जागेत, गणपतीची पूजा झाल्यावाचून खेळ सुरू होत नाही. मेलत्तूर येथील भागवतमेळ्यात नरसिंहाचा मुखवटा वर्षभर देवळात पूजेत असतो आणि ‘प्रह्लादचरित्रा’च्या प्रयोगात नट तो धारण करतो. तिन्ही ठिकाणी खेळ हा देवाच्या उत्सवाचा भाग आहे आणि प्रेक्षक हा त्या उत्सवाचा मानकरी आहे.

दुसरी गोष्ट पूर्वरंगाची. ‘आड-दशावतार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दशावताराच्या पूर्वरंगात सूत्रधाराच्या नमनानंतर ऋद्धिसिद्धीसह गणपती येतो, सरस्वती येते, पुढे ब्रह्मदेव आणि काळ्या वेषातील, लांब लाल जिभेचा संकासूर येतो. संकासूर वेद चोरतो, मालवणी बोलीत सूत्रधाराची खिल्ली उडवतो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. यक्षगानाच्या पूर्वरंगात ‘कोडंगी’ हा विदूषकासारखा नाचणारा प्राथमिक नर्तक येतो, त्यानंतर बालगोपाल आणि मग स्त्रीवेषातील नर्तक. भागवतमेळ्याचा आरंभ ‘कोणंगी’ या विदूषकाच्या नृत्याने होतो आणि त्यानंतर गणपतीचा मुखवटा घातलेला मुलगा नाचत प्रवेश करतो. कोडंगी आणि कोणंगी या शब्दांतील जवळीक उघड आहे. भावे यांच्या नाटकांतही हाच क्रम होता. सूत्रधाराचे मंगलाचरण, पाल्याचा वेष केलेल्या विदूषकाचा प्रवेश, गजाननाचे आगमन, मोरावर बसून नाचत येणारी सरस्वती आणि मग आख्यान. विदूषक, गणपती आणि नृत्यदेवता यांची ही मांडणी कोकणापासून कावेरीपर्यंत थोड्याफार फरकाने टिकून आहे. एखादे आख्यान एका मंडळीने दुसऱ्या मंडळीकडून एका हंगामात उचलणे शक्य आहे. असा संपूर्ण विधिक्रम मात्र दीर्घ सहवासाशिवाय सामायिक होत नाही.

प्रवेशाचे नृत्य

क्रमातील साम्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे साम्य पात्राच्या प्रवेशात आहे. आधुनिक नाटकात पात्र रंगमंचावर येते आणि बोलण्यातून, कृतीतून हळूहळू उलगडते. या परंपरांत पात्र बोलण्यापूर्वी पावलांनी सिद्ध होते. यक्षगानात राजा किंवा योद्धा ‘ओड्डोलग’ या औपचारिक प्रवेशनृत्याने येतो. दोघांनी धरलेल्या पडद्याआडून त्याचे क्रमाक्रमाने दर्शन होते आणि चंडे व मद्दळे यांच्या गतीवर त्याचा दर्जा, स्वभाव आणि आवेश ठरतो. दैत्यपात्राच्या, म्हणजे ‘बण्णद वेषा’च्या प्रवेशात आरोळीला आणि पडद्यामागील हालचालीला वेगळे महत्त्व आहे. भागवतमेळा व कुचिपुडी यांत प्रत्येक प्रमुख पात्रासाठी ‘पात्रप्रवेश दरू’ असतो. गायक त्या पात्राचे वर्णन गातात आणि पात्र त्या गीतावर नाचत आपली ओळख करून देते.

दशावतारात सूत्रधार पद म्हणतो, मृदंग आणि झांज यांच्या ठेक्यावर पात्र पावले टाकीत येते, रंगस्थळाला फेरी घालते आणि मग बाकड्यावर बसून बोलू लागते. यक्षगानाच्या तुलनेत हे नृत्य साधे आहे. तेथील झंपे, रूपक, अष्ट अशा तालांची विविधता, बडगुतिट्टू शैलीतील गुडघ्यांवरील गिरक्या किंवा तेंकुतिट्टू शैलीतील ‘धींगिण’ या चक्राकार उड्या दशावतारात नाहीत. परंतु व्याकरण एकच आहे. गायक नाव उच्चारतो, पाऊल त्याला देह देते आणि त्यानंतरच शब्द येतो. फेरी घालणे म्हणजे प्रवास, वाढत्या लयीत समोरासमोर पावले टाकणे म्हणजे युद्ध, हे संकेतही समान आहेत.

यानंतर येणारा शब्द दोन्ही किनारी परंपरांत उत्स्फूर्त असतो, हे आणखी एक साम्य. यक्षगानात भागवताने म्हणावयाची पदे ‘प्रसंगा’च्या पोथीत लिहिलेली असतात, पात्राचे गद्य मात्र नट आयत्या वेळी रचतो. दशावतारी नट आख्यानाचा सांगाडा तेवढा ठरवून घेतात आणि संवाद रंगस्थळावर घडवतात. भावे यांच्या नाटकांतही पदे सूत्रधाराची असत आणि भाषणे पात्रांची स्वतःची. गायन पूर्वनियोजित, नृत्य संकेतबद्ध आणि गद्य मुक्त, अशी ही त्रिपुटी आहे. नृत्याचा संकेत भक्कम असल्यामुळेच गद्याला इतके स्वातंत्र्य देणे परवडत असे, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

तंजावरचा साक्षीपुरावा

या सामायिक परंपरेत मराठी भाषा केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत होती काय, या प्रश्नाचे उत्तर तंजावर देते. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (राज्यकाल १६८४ ते १७१२) यांनी तेलुगूत ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ रचला, तसेच मराठीत ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे नाटक लिहिले. दुसरे सरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी नृत्यासाठी मराठीत ‘निरूपणे’ रचली आणि तमिळ ‘कुरवंजी’चा साचा घेऊन ‘देवेंद्र कुरवंजी’त भूगोलाचे ज्ञान गुंफले. आजच्या भरतनाट्यम्‌च्या प्रयोगक्रमाला आकार देणारे ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून ओळखले जाणारे चार बंधू त्यांच्याच दरबाराशी संबंधित होते. म्हणजे तेलुगू साहित्यबंध, तमिळ नर्तकसमाज आणि मराठी राजाश्रय यांच्या संगमावर दाक्षिणात्य नृत्याचा एक महत्त्वाचा टप्पा घडला.

तंजावरच्या मराठी नाटकांचा महाराष्ट्रातील रंगभूमीवर प्रत्यक्ष परिणाम झाला नाही, हे खरे आहे. ती दीर्घकाळ सरस्वती महाल ग्रंथालयातच राहिली. त्यामुळे ‘मराठीतील पहिले नाटक कोणते’ या वादात त्यांचा उल्लेख होतो आणि वाद संपताच ती पुन्हा विस्मृतीत जातात. वस्तुतः त्यांचे महत्त्व पहिलेपणात नाही. एका भाषेतील रचनाबंध दुसऱ्या भाषेने आणि तिसऱ्या भाषेतील नर्तकांनी सहजपणे आत्मसात करावा, इतकी त्यामागील प्रयोगपद्धती सामायिक होती, याची ती साक्ष आहेत.

मराठी समीक्षेतून हरवलेले नृत्य

एवढा पुरावा असता मराठी समीक्षा उगमाच्या प्रश्नातच का अडकून पडली, याची मीमांसा करणे आवश्यक आहे. त्याचे एक कारण असे की, तिने नृत्याकडे पाहणे लवकर सोडून दिले. भावे यांनी १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोड येथील नाट्यगृहात प्रयोग केले. तेथील प्रेक्षक, नाट्यगृह आणि इंग्रजी शिक्षणाचे वातावरण वेगळे होते. पुढे नवशिक्षित वर्गाने या पौराणिक नाटकांची ‘तागडथोम’ आणि ‘अललडुर्र’ अशा शब्दांत थट्टा आरंभिली. ही दोन्ही विशेषणे नीट पाहण्यासारखी आहेत. ‘तागडथोम’ हा मृदंगाचा बोल आहे आणि ‘अललडुर्र’ ही राक्षसपात्राची आरोळी. म्हणजेच थट्टेचा विषय कथानक किंवा पद्य नव्हते. पात्राच्या प्रवेशाचा ताल आणि आवेश, यक्षगानाशी व दशावताराशी ज्याने नाते जोडले होते, नेमका तोच भाग हास्यास्पद ठरविला गेला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’ नाटकाने पद्य पात्राच्या मुखात आणले. संगीत नाटकाचे वैभव तेथून वाढले हे निर्विवाद, पण गाणारा सूत्रधार आणि नाचत येणारे पात्र यांची जोडी त्याबरोबर मोडली.

मुद्रणाचाही यात वाटा आहे. भावे यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पदे छापली गेली, पावले छापली गेली नाहीत. पुढील अभ्यासकांच्या हाती जे आले ते साहित्य होते, आणि साहित्याच्या अभ्यासात स्वाभाविकपणे कर्ता, काळ आणि मूळ संहिता हेच प्रश्न अग्रभागी राहिले.

कन्नड समीक्षेशी याची तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. शिवराम कारंत यांना ‘यक्षगान बयलाट’ या ग्रंथासाठी १९५९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कारंत संहितांच्या अभ्यासावर थांबले नाहीत. वेषभूषा, ताल आणि पदन्यास यांचा त्यांनी प्रत्यक्ष शोध घेतला आणि पुढे संवाद वगळून केवळ नृत्य व गायन यांवर उभारलेले यक्षगानाचे प्रयोगही केले. त्यांच्या प्रयोगांत व्हायोलिन व सॅक्सोफोन यांना स्थान देण्यावरून मतभेद झाले, आणि उत्स्फूर्त संवाद काढून टाकल्याने यक्षगानाचे एक अंगच नाहीसे होते, हा आक्षेपही रास्त आहे. तरीही नृत्य हे या प्रकाराचे मर्म आहे, ही जाणीव त्यांनी कन्नड चर्चेच्या केंद्रस्थानी ठेवली. मराठीत दशावताराला असा अभ्यासक-प्रयोगकर्ता लाभला नाही. दशावताराचे वर्णन ‘कोकणातील लोकनाट्य’ असे होते, क्वचितच ‘नृत्यनाट्य’ असे. ‘रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा’ ही दशावतारी नटाविषयीची म्हण सहानुभूतीने उद्धृत केली जाते, पण त्या राजाला रात्री राजा बनविणारे पाऊल कसे पडते, याची नोंद अपवादानेच सापडते.

मराठीत अशा तौलनिक अभ्यासाची परंपराच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात मराठी भाविकांच्या आराध्यदैवताचा शोध कन्नड व तेलुगू प्रदेशांतून घेतला आणि तरीही विठ्ठलाचे मराठीपण उणे झाले नाही. दैवताच्या बाबतीत जी दृष्टी मराठी अभ्यासाने स्वीकारली, ती नृत्याच्या बाबतीत स्वीकारण्यास प्रत्यवाय नसावा.

भाषिक राज्यांची चौकट आणि आजची स्थिती

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने आणि १९६० च्या महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीने प्रादेशिक कलांना शासकीय ओळख आणि आश्रय मिळाला. त्याचबरोबर त्या कला राज्यांच्या यादीत वाटल्या गेल्या. दशावतार महाराष्ट्राचा व गोव्याचा, यक्षगान कर्नाटकाचे, भागवतमेळा तमिळनाडूचा. ही वाटणी किती कृत्रिम आहे, हे एकाच उदाहरणावरून दिसते. यक्षगानातील रामायणप्रसंगांचा कर्ता म्हणून ज्याचे नाव आदराने घेतले जाते तो पार्ति सुब्ब कुंबळे येथील. हे गाव आज केरळच्या कासारगोड जिल्ह्यात आहे. मेलत्तूरचे भागवतमेळ्याचे नट तमिळ प्रदेशात राहून तेलुगू नाटके करतात. महोत्सवांतून आणि स्पर्धांतून या परंपरा आपापल्या राज्यांच्या प्रतिनिधी म्हणून समोर येतात. एकमेकींच्या शेजारी उभ्या राहून एकमेकींना ओळखण्याची संधी त्यांना क्वचितच मिळते.

याहून गंभीर बाब म्हणजे प्रयोगाचा होत असलेला संकोच. ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाच्या वापरावर मर्यादा आल्या. रात्रभर चालणाऱ्या खेळांना त्याची झळ पोहोचणे अपरिहार्य होते. प्रेक्षकांची बदललेली दिनचर्या, तिकीट लावून होणारे प्रयोग, दूरचित्रवाणी ही कारणेही आहेतच. कर्नाटकात ‘कालमिती’ म्हणजे ठरावीक वेळेत संपणारे यक्षगान रूढ झाले आहे. कोकणात ‘ट्रिकसीन’युक्त दशावताराची जाहिरात होते. या बदलांना सरसकट ऱ्हास म्हणणे योग्य नाही. मंडळींना पोट आहे, आणि लोककला बदलत्या प्रेक्षकाशी जुळवून घेतच जगत आली आहे. परंतु वेळ कमी करावयाचा झाल्यास कात्री प्रथम पूर्वरंगाला लागते, कारण त्यात ‘कथा’ नसते. आड-दशावतार संक्षिप्त होतो किंवा गणपतीच्या नमनापुरता उरतो, कोडंगी व बालगोपाल यांची नृत्ये गाळली जातात. यक्षगानात या भागाचे आणखी एक कार्य होते. नवशिक्या मुलांना रंगस्थळावर पहिले पाऊल टाकण्याची संधी पूर्वरंगातच मिळत असे. तो वगळला की परंपरेची शाळाही बंद होते.

‘दशावतार’ या २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या मराठी चित्रपटामुळे कोकणातील या खेळाविषयी शहरी प्रेक्षकांत नव्याने कुतूहल निर्माण झाले. असे कुतूहल जागे झाले की उगमाचा जुनाच प्रश्न पुन्हा विचारला जातो आणि १७२८ चे जुनेच उत्तर पुन्हा दिले जाते. अभ्यासकांचे काम त्या कुतूहलाला अधिक नेमक्या प्रश्नाकडे वळविण्याचे आहे.

निष्कर्ष

१) दशावतार, यक्षगान आणि भागवतमेळा यांची मुळे समान आहेत, परंतु ती एका व्यक्तीत, वर्षात किंवा गावात शोधणे उपलब्ध पुराव्याशी विसंगत आहे. ‘दासबोधा’तील उल्लेख आणि ‘दशावतार’ या संज्ञेचा दोन्ही प्रदेशांतील वापर ही त्याची ठळक कारणे आहेत.

२) हे समान मूळ मध्ययुगीन दख्खनची देशी नृत्यपरंपरा, वैष्णव भागवतकथन आणि देवालयाचा वार्षिक उत्सव यांच्या संयोगात आहे. त्याचे दृश्य रूप पूर्वरंगाच्या क्रमात आणि पात्राच्या प्रवेशनृत्यात सापडते.

३) मराठी समीक्षेने संहितेला प्राधान्य दिल्यामुळे नृत्य हा पुरावा दुर्लक्षित राहिला आणि शेजारी परंपरांशी असलेले नाते ‘ऋण’ किंवा ‘स्वतंत्रता’ या दोन टोकांत विभागले गेले. भावे यांनी कानडी भागवतांपासून प्रेरणा घेतली, हे मान्य केल्याने मराठी रंगभूमीला उणेपणा येत नाही. जो क्रम कोकणातील जत्रांतून मराठी प्रेक्षक पाहत आला होता, त्याच क्रमाचे दुसऱ्या भाषेतील रूप सांगलीत दिसले, आणि म्हणूनच ते मराठीत इतक्या सहजपणे रुजले.

४) पूर्वरंगाचे तपशीलवार ध्वनिचित्रमुद्रण आणि पदन्यासाचे लेखन ही आजची तातडीची गरज आहे. ज्यांच्या अंगात आड-दशावतार आहे असे ज्येष्ठ कलावंत अद्याप आहेत. सिंधुदुर्ग, गोवे आणि उत्तर कन्नड या सलग परिसरातील महाविद्यालयांच्या मराठी, कोंकणी व कन्नड विभागांनी एकत्र येऊन हे काम हाती घेतल्यास त्यास मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. जत्रेच्या रात्री रंगस्थळापाशी बसून कोणते पात्र कोणत्या तालावर, किती पावलांनी आणि कोणत्या बाजूने आले, एवढी नोंद घेण्यापासून त्याचा आरंभ करता येईल.

उगमाचा वाद आणखी शंभर वर्षे चालला तरी ग्रंथालयातील पोथ्या त्यासाठी थांबून राहतील. पूर्वरंगातील पाऊल थांबणार नाही. ते पाहून नोंदविल्यानंतर दशावतार कोणाचा, या प्रश्नाची धार पुष्कळ कमी होईल आणि दशावतार कसा आहे, हे सांगणे मराठी समीक्षेला शक्य होईल.